नडगी कापून गुडघा सरळ करताना: एका अंशाचा हिशेब

मा. संपादक,

स. न. वि. वि.

गुडघ्याचा सांधा न बदलता नडगीचं हाड कापून पाय सरळ करायचा आणि सांधा वाचवायचा, ही शस्त्रक्रिया आता कोल्हापुरात नवी राहिलेली नाही. तिच्या जाहिराती दिसतात, पेशंटही नाव घेऊन विचारत येतात. शस्त्रक्रिया चांगली आहे, योग्य पेशंटला ती जरूर करावी, असंच आमचं मत आहे. पण तिच्याबद्दल जे छापून येतं त्यात टाके किती, दवाखान्यात किती दिवस, चालायला कधी लागणार आणि खर्च किती एवढंच असतं. हाड किती अंशांनी उघडायचं हे कशावरून ठरलं, आणि ठरलं तेवढंच ते उघडलं गेलं का, याबद्दल चकार शब्द नसतो. या शस्त्रक्रियेचं सगळं यश त्या एका आकड्यावर अवलंबून आहे, म्हणून जरा सविस्तर लिहीत आहोत. जागा द्यावी ही विनंती.

आधी थोडक्यात मूळ कल्पना. खुब्याच्या मध्यापासून घोट्याच्या मध्यापर्यंत एक सरळ रेष ओढली तर सरळ पायात ती गुडघ्याच्या जवळपास मधून जाते. शरीराचं वजन याच रेषेने खाली उतरतं. पाय फेंगडा असेल तर ही वजनरेषा गुडघ्याच्या आतल्या बाजूला सरकते. मग आतल्या कप्प्यातली कूर्चा (हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण) झिजते, झिजल्यामुळे पाय आणखी वाकतो आणि वाकल्यामुळे आणखी झीज होते. ‘आतली गॅप कमी झाली’ असं पेशंट सांगतात ते हेच. बाहेरचा कप्पा मात्र बऱ्याचदा चांगला शाबूत असतो. नडगीचं हाड गुडघ्याच्या थोडं खाली कापून, आतल्या बाजूने पाचरीसारखी फट उघडून पाय सरळ केला की वजन त्या शाबूत कप्प्याकडे वळतं. याला हाय टिबियल ऑस्टिओटॉमी (एचटीओ) म्हणतात. ब्रिटनमध्ये जॅक्सन आणि वॉ यांनी 1961 मध्ये तिच्याबद्दल लिहिलं, अमेरिकेत कॉव्हेंट्री यांनी 1965 मध्ये बाहेरच्या बाजूने हाडाची पाचर काढून टाकण्याची पद्धत रूढ केली. आतून फट उघडण्याची पद्धत लॉकिंग प्लेट (स्क्रू जिच्यातच घट्ट बसतात अशी हाड धरणारी पट्टी) आल्यावर, म्हणजे 2000 नंतर, जास्त प्रचारात आली. आज आपल्याकडे बहुतेक ठिकाणी हीच होते, आणि पुढचं सगळं तिच्याबद्दल आहे.

आता अंशाचा हिशेब. नडगीची लांबी साधारण 37 सेंटीमीटर धरली तर हाडाचा कोन एका अंशाने बदलला की गुडघ्यातून जाणारी वजनरेषा सुमारे 3 मिलिमीटर सरकते. गुडघ्याची रुंदी 75 ते 80 मिलिमीटर असते. म्हणजे एक अंश म्हणजे रुंदीचे साधारण 4 टक्के. आतल्या कडेला शून्य आणि बाहेरच्या कडेला शंभर धरून मोजलं, तर जपानच्या फुजिसावा यांच्या 1979 च्या कामापासून 62 टक्क्यांच्या आसपासचा बिंदू प्रमाण मानला गेला. फ्रान्समध्ये हर्निगू यांनी 1987 मध्ये दाखवलं की खुबा, गुडघा आणि घोटा यांचा कोन (180 म्हणजे अगदी सरळ) 183 ते 186 अंशांत राहिलेल्यांना सगळ्यांत चांगला आणि टिकाऊ आराम मिळाला. तीन अंशांची ही खिडकी आहे. तिच्या अलीकडे पडलात तर वजन आतच राहतं, काही वर्षांत दुखणं परत येतं. पलीकडे पडलात तर गुडघे आत वळून एकमेकांना घासतात, बाहेरचा कप्पा झिजायला लागतो, पाय दिसायलाही वाईट दिसतो आणि पुढे सांधा बदलायची वेळ आलीच तर तेही काम अवघड होऊन बसतं.

आणि हा बिंदू सगळ्यांना एकच नसतो. तालमीत घाम गाळणाऱ्या तिशीतल्या पैलवानाची कूर्चा थोडीच झिजली असेल तर रेष 50 ते 55 टक्क्यांवर आणणं पुरेसं असतं. पन्नाशी ओलांडलेल्या, आतला कप्पा बराच गेलेल्या शेतकऱ्याला 60 च्या पुढे न्यावं लागतं. ‘पाय सरळ करून देतो’ एवढ्यावर हे भागत नाही.

हे माप कुठून येतं? एका फिल्मवरून. खुब्यापासून घोट्यापर्यंत, पेशंटला उभं करून काढलेल्या पूर्ण लांबीच्या एक्स-रेवरून. नुसत्या गुडघ्याच्या एक्स-रेवर वजनरेषा काढताच येत नाही, कारण तिची दोन्ही टोकं फिल्मच्या बाहेर असतात. झोपवून काढलेला एक्स-रेही कामाचा नाही. वजन पडल्याशिवाय गुडघा खरा किती वाकतो ते दिसत नाही.

ही फिल्म काढताना होणाऱ्या चुकांबद्दल आम्हाला सगळ्यांत जास्त सांगायचं आहे, कारण इथे चुकलेलं पुढे ऑपरेशन थिएटरमध्ये कुणालाच दुरुस्त करता येत नाही. पेशंटला ‘पाय जुळवून उभे राहा’ म्हटलं की तो पावलं जुळवतो. पण पावलं सरळ असली म्हणजे गुडघा समोर असतोच असं नाही. कितीतरी जणांची पावलं स्वाभाविक बाहेर वळलेली असतात. ती जबरदस्तीने सरळ केली की गुडघा आत फिरतो. तंत्रज्ञाने पावलांकडे न बघता गुडघ्याच्या वाटीकडे बघायचं, वाटी बोटांनी चाचपायची आणि ती बरोबर समोर येईपर्यंत अख्खा पाय फिरवायचा, पावलं कुठेही जावोत. फिल्मवर वाटी मांडीच्या हाडाच्या मधोमध दिसली पाहिजे. पाय फिरलेला असेल आणि त्यातच गुडघा पूर्ण सरळ होत नसेल तर फिल्मवर फेंगडेपणा दोन-चार अंशांनी कमी-जास्त दिसू शकतो. ज्याचा गुडघा ताठ होत नाही त्याच्या बाबतीत ही बाब रिपोर्टवर लिहून ठेवायला हवी. वजन दोन्ही पायांवर सारखं हवं. दुखऱ्या पायावरचा भार नकळत काढून घेणं ही माणसाची सवयच असते. त्याला धरायला दांडी द्या, पण टेकून उभा राहू देऊ नका.

डिजिटल यंत्रावर खुबा, गुडघा आणि घोटा अशी तीन चित्रं घेऊन ती जोडली जातात. त्या काही सेकंदांत पेशंट हलला तर जोड चुकतो आणि हाडाला नसलेला बाक दिसतो. जोडाच्या रेषेवर हाडाची कड तुटक दिसते का हे बारकाईने बघावं, दिसली तर फिल्म पुन्हा काढावी. पेशंटला पुन्हा उभं करायला संकोच करू नये.

आणखी एक गोष्ट म्हणजे मोठेपणाचं माप. एक्स-रेमध्ये हाड मूळ आकारापेक्षा मोठं दिसतं. कोन त्याने बदलत नाही, पण मिलिमीटर बदलतात. म्हणून गुडघ्याच्या पातळीवर, हाडाच्या रेषेत, 25 मिलिमीटरची धातूची गोळी चिकटवायची आणि संगणकावर तिच्यावरून प्रमाण बसवायचं. पेशंटच्या पुढच्या बाजूला किंवा मागच्या पाटीवर चिकटवलेली गोळी खोटं प्रमाण देते. गडहिंग्लज, राधानगरी, चंदगडहून येणाऱ्या पेशंटकडे बऱ्याचदा मोबाइलवर काढलेला फिल्मचा फोटो असतो. निदानाची कल्पना यायला तो ठीक आहे, त्यावर मोजमाप मात्र कधीही करू नये. केंद्राकडून मूळ डिजिटल फाइल सीडीवर किंवा पेन ड्राइव्हवर मागून घ्यावी. ती मागण्याचा पेशंटला पूर्ण हक्क आहे.

फिल्म हातात आली की पहिला प्रश्न किती वाकलंय हा नसून कुठं वाकलंय हा आहे. नडगीच्या वरच्या सपाटीचा आतल्या बाजूचा कोन साधारण 87 अंश असतो, 85 ते 90 पर्यंत ठीक. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाचा बाहेरचा कोनही जवळजवळ तेवढाच. नडगीचा कोन 82 असेल आणि मांडीचा 87, तर बाक नडगीत आहे आणि नडगी कापणं बरोबर. उलट नडगी 87 वर असून मांडीचा कोन 92 झाला असेल, तर बाक मांडीत आहे. अशा माणसाची नडगी कापली तर वजनरेषा कागदावर जागेवर येईल, पण सांध्याची सपाटी तिरकी होईल आणि चालताना गुडघा आडवा घसरू पाहील. शस्त्रक्रियेनंतर नडगीचा कोन 95 च्या वर जाणार असं गणित सांगत असेल तर थांबावं. अशा वेळी मांडीचं हाड कापावं, किंवा दोन्ही थोडं थोडं.

तिसरा कोन बहुतेकदा दुर्लक्षित राहतो तो खुद्द सांध्याच्या फटीचा. उभ्या फिल्मवर मांडीचं आणि नडगीचं पृष्ठ एकमेकांशी बाहेरच्या बाजूला उघडा कोन करतात. शून्य ते दोन अंश स्वाभाविक. हा कोन 5 अंश आला तर वरचे 3 अंश हाडातले नाहीत, ढिल्या झालेल्या बाहेरच्या अस्थिबंधातले आणि झिजलेल्या कूर्चेतले आहेत. वजनरेषा बाहेर सरकली की हा ढिलेपणा बराचसा आपोआप मिटतो. तो हाडाचाच बाक समजून सगळा हाडात दुरुस्त केला की पेशंट उभा राहिल्यावर पाय ठरल्यापेक्षा जास्त वळलेला निघतो. म्हणून जास्तीच्या अंशांतले निम्मे, म्हणजे या उदाहरणात दीड अंश, ठरवलेल्या आकड्यातून वजा करण्याचा प्रघात आहे. थिएटरमध्ये सगळं जमलं आणि तीन महिन्यांनी पाय जास्त वळलेला दिसला, तर बऱ्याच वेळा गोम इथेच सापडते.

आता अंशाचे मिलिमीटर. एक मिलिमीटर फट म्हणजे एक अंश, असा एक तोंडी हिशेब जुन्या काळापासून चालत आला आहे. तो फक्त 57 मिलिमीटर लांबीच्या कापासाठी खरा आहे. 10 अंश हवे असतील आणि कापाची लांबी आतल्या कडेपासून बिजागरीपर्यंत (बाहेरच्या कडेला न कापता ठेवलेल्या हाडापर्यंत) 50 मिलिमीटर असेल, जशी आपल्याकडच्या अंगाने लहान बायकांत असते, तर फट 8.7 मिलिमीटर हवी. लांबी 60 असेल तर 10.5, आणि 70 असेल, जशी थोराड पैलवानात असू शकते, तर 12.2. सगळ्यांना सरसकट 10 मिलिमीटर उघडलं तर लहान हाडाची बाई साडेअकरा अंशांवर जाते आणि पैलवान आठवर राहतो. वर सांगितलेल्या तीन अंशांच्या खिडकीच्या मधोमध नेम धरला असेल तर बाई अगदी कडेवर जाते आणि पैलवान बाहेर पडतो.

त्यात करवतीच्या पात्याची जाडी आली. पातं एक ते सव्वा मिलिमीटर जाड असतं आणि तेवढं हाड भुसा होऊन जातं. न उघडताच कडेला तेवढी फट दिसते. पट्टीने 10.5 मोजले तर त्यातले सव्वा करवतीचे. खरा कोन 9 अंशांच्याही आतच येतो. पात्याची जाडी पाकिटावर लिहिलेली असते. ती शस्त्रक्रियेआधी फळ्यावरच्या आकड्यात मिळवावी. आणि प्रमाणाच्या गोळीशिवाय काढलेल्या फिल्मवर 60 मिलिमीटर हाड 66 दिसलं असेल तर तिथे उलट एक अंश जास्त उघडला जातो. अशा एकेका अंशाच्या चुका एकाच दिशेने जमल्या की काय होतं ते सांगायला नको.

थिएटरमध्ये काप सुरू करण्याची जागा आतल्या बाजूला, सांध्याच्या रेषेपासून साडेतीन ते चार सेंटीमीटर खाली. तिथून दोन तारा तिरक्या वर, फिब्युलाच्या (नडगीशेजारच्या बाहेरच्या बारीक हाडाच्या) डोक्याच्या टोकाकडे रोखून घालतात आणि सी-आर्मवर (थिएटरमधल्या फिरत्या एक्स-रे यंत्रावर) बघतात. दोन्ही तारा एकावर एक, एकच रेष दिसेपर्यंत पाय किंवा सी-आर्म फिरवायचा. तारा दोन दिसत असताना करवत लावली तर काप पुढे-मागे तिरका जातो. करवत तारांच्या खालून चालते, म्हणजे ती वर सांध्यात घुसण्याचा धोका राहत नाही. बाहेरच्या कडेपाशी 5 ते 10 मिलिमीटर हाड शाबूत ठेवायचं, हीच ती बिजागरी. पुढच्या बाजूला, वाटीचा स्नायुबंध जिथे नडगीला चिकटतो त्या उंचवट्याच्या मागून दुसरा काप पहिल्याशी साधारण 110 अंश करून वर नेतात. हा दुसरा काप हाडाला फिरू देत नाही आणि जोडणीला जास्त पृष्ठभाग देतो. फट मोठी, दहा मिलिमीटरच्या वर जाणार असेल तर वाटी खाली ओढली जाते. तेव्हा हाच काप खालच्या दिशेने घेऊन उंचवटा वरच्या तुकड्याबरोबर ठेवावा आणि एका स्क्रूने खाली बांधावा.

मागच्या बाजूला गुडघ्यामागची मुख्य धमनी हाडाला जवळजवळ टेकून असते. गुडघा 90 अंशांत वाकवला की ती लांब जाते हा समज पुष्कळ ठिकाणी ऐकू येतो. त्यावर विसंबू नये. हाडाच्या पाठीला घासून बोथट रिट्रॅक्टर (धमनी दूर धरणारं साधन) आत सरकवलेला असेल, आणि तो हाडालाच टेकलाय याची बोटाने खात्री केली असेल, तरच मागचा काप पुरा करावा. करवतीवर थंड सलाइनची धार सतत हवी. तापलेलं हाड जुळायला वेळ लावतं.

उघडणं हा या कामातला सगळ्यांत सबुरीचा भाग. एकावर एक पातळ छिन्न्या सरकवत, मग स्प्रेडरने (फट फाकवायच्या साधनाने), पाच मिनिटं घेऊन. घाई केली किंवा मागची कड न कापता राहिली असेल तर बिजागरी तडकते. जपानी सर्जन टाकेउची यांनी या तडकण्याचे तीन प्रकार सांगितले आहेत. पहिल्यात तडा कापाच्या रेषेतच बाहेर जातो किंवा फिब्युलाच्या सांध्याच्या किंचित वर सुटतो. तो बऱ्यापैकी स्थिर राहतो. दुसऱ्यात तो फिब्युलाच्या सांध्याच्या खाली उतरतो, तेव्हा खालचा तुकडा सरकू लागतो आणि साधलेला कोन हातचा जातो. तिसऱ्यात तो वर सांध्याच्या पृष्ठात शिरतो. तडा दिसला की बाहेरून स्क्रू किंवा छोटी प्लेट घालून तो तिथल्या तिथे बांधावा. ‘लॉकिंग प्लेट आहे, धरेल’ असं म्हणून सोडून देऊ नये. मागची कड खरोखर कापली आहे का हे छिन्नी सरकवून तपासणं हा त्यावरचा सगळ्यांत स्वस्त उपाय.

याच टप्प्यावर दुसरी चूक होते आणि ती समोरच्या फिल्मवर दिसतच नाही. नडगीची वरची सपाटी मागच्या बाजूला थोडी उतरती असते, साधारण 7 ते 10 अंश. नडगीचं हाड त्रिकोणी आहे, आतली बाजू तिरकी आहे. त्यामुळे पुढची आणि मागची फट सारखी ठेवली तर हा उतार वाढतो. उतार तेवढाच ठेवायचा तर उंचवट्यापाशी पुढची फट मागच्या फटीच्या निम्मी हवी. मागे 10 तर पुढे 5. अमेरिकी सर्जन नॉईज यांनी दाखवलं आहे की पुढच्या फटीत एका मिलिमीटरची चूक उतार सुमारे दोन अंशांनी बदलते. उतार वाढला की नडगी पुढे घसरू पाहते, समोरच्या क्रूशिएट लिगामेंटवर (नडगीला पुढे घसरू न देणाऱ्या, सांध्याच्या आतल्या अस्थिबंधावर) सतत ताण येतो आणि गुडघा पूर्ण ताठ होत नाही. ज्या पैलवानाचं किंवा शाहू स्टेडियमवर खेळणाऱ्या फुटबॉलपटूचं ते लिगामेंट आधीच गेलं आहे, त्याला वाढलेला उतार परवडणारच नाही. त्याच्या बाबतीत तो मुद्दाम थोडा कमी करतात. उतार वाढण्याचं नेहमीचं कारण म्हणजे आतल्या कोलॅटरल लिगामेंटचे (गुडघ्याच्या आतल्या कडेच्या अस्थिबंधाचे) लांब तंतू खाली सोडवलेले नसणं. मागची बाजू आवळून राहते आणि फट पुढेच उघडते. शिवाय हे तंतू न सोडवल्यास हाड सरळ होऊनही आतल्या कप्प्यावरचा दाब कमी होत नाही, म्हणजे शस्त्रक्रियेचा हेतूच फसतो. गुडघा ताठ करून स्प्रेडर अगदी मागे लावला की पुढची फट आपोआप आवरते.

फट उघडल्यावर, स्क्रू मारण्याआधी, तपासणी. कॉटरीची (विजेने रक्तस्राव थांबवणाऱ्या यंत्राची) वायर किंवा सरळ सळई खुब्याच्या मध्यापासून घोट्याच्या मध्यापर्यंत ताणून गुडघ्यावर सी-आर्म आणतात आणि ती सपाटीला किती टक्क्यांवर छेदते ते बघतात. साधी पद्धत आहे, नीट केली तर चांगली आहे. खुब्याचा मध्य सी-आर्मवर बघूनच खूण करायची, हाताने अंदाज घ्यायचा नाही. वाटी समोर, गुडघा ताठ. पेशंट झोपलेला असल्याने सहाय्यकाने टाचेवरून वर दाब द्यायचा, नाहीतर सांध्याची फट उघडीच राहते आणि रेष खोटी पडते. वायर ढिली असेल तर गुडघ्यापाशी तिला पोक येतो, आणि तीन मिलिमीटरचा पोक म्हणजे एक अंश हे वर आलंच आहे. त्या क्षणाचं सी-आर्म चित्र जतन करायला एक बटण पुरतं. ते जतन करावंच.

नेव्हिगेशन (हाडात पिना बसवून संगणकाच्या पडद्यावर कोन दाखवणारी यंत्रणा), रोबोट, सीटी स्कॅनवरून थ्री-डी प्रिंट केलेले कापाचे साचे यांच्याबद्दल पेशंट हमखास विचारतात. या साधनांनी हुकलेल्या केसेसचं प्रमाण कमी होतं, असं बऱ्याच अभ्यासांचं सांगणं आहे. पेशंटच्या दुखण्यात आणि चालण्यात त्यामुळे नक्की किती फरक पडतो हे तितकं ठामपणे सिद्ध झालेलं नाही. साचा हाडावर बसतो तेव्हा त्याखाली मऊ पेशींचा पातळ थर राहिला तरी तो तिरका बसतो. नेव्हिगेशनच्या पिना ढिल्या झाल्या तर पडद्यावरचा आकडा दशांशापर्यंत दिसतो आणि तरीही चुकीचा असतो. उद्यमनगरातल्या कारखान्यांत कुणीही सांगेल की जॉब तिरका बांधला तर लेथ कितीही भारी असली तरी काप तिरकाच येतो. उभ्या फिल्मवरचं नियोजनच चुकीचं असेल तर रोबोट ती चूक अगदी अचूकपणे हाडात उतरवतो. म्हणून ‘शून्य चूक’ अशी जाहिरात कुणी करू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. साधन महाग असो वा स्वस्त, आधीची आणि नंतरची फिल्म शेजारी ठेवल्याशिवाय अचूकतेबद्दल बोलता येत नाही.

शस्त्रक्रियेनंतरचं थोडक्यात. चांगली लॉकिंग प्लेट आणि शाबूत बिजागरी असेल तर वॉकर किंवा कुबड्या घेऊन पाय लवकर टेकवता येतो. सुरुवातीला 15 ते 20 किलोपर्यंत, सहा आठवड्यांनी फिल्म बघून पूर्ण. 15 किलो म्हणजे किती हे घरच्या वजनकाट्यावर पाय दाबून शिकवावं, तोंडी सांगून कळत नाही. फट बाहेरून आत भरत येते आणि पूर्ण भरायला वर्षही लागू शकतं. फट दहा मिलिमीटरच्या आत असेल तर सहसा हाडाचा कलम लागत नाही. सिगारेट-बिडीने हाड जुळायला उशीर होतो हे पक्कं आहे. निकोटिन हेच कारण असल्याने तंबाखू आणि मशेरीही बंद ठेवावी, आणि हा प्रश्न बायकांनाही स्पष्ट विचारावा. पहिल्या दोन दिवसांत औषधाने न थांबणारी वेदना आणि बोटं हलवली की वाढणारा ठणका, किंवा पुढच्या आठवड्यांत पोटरीची सूज, यांपैकी काही दिसलं तर फोनवर सल्ला विचारत न बसता लगेच दवाखाना गाठावा.

कुणाला करू नये तेही सांगायला हवं. संधिवाताचा आमवाती प्रकार, बाहेरचा कप्पाही गेलेला, गुडघा 10-15 अंशांपेक्षा जास्त आखडलेला, अशांना ही शस्त्रक्रिया आराम देत नाही. त्यांना सांधा बदलणं किंवा अन्य उपाय सांगावा. नीट निवडलेल्या आणि नीट मोजलेल्या पेशंटमध्ये मात्र दहा वर्षांनंतरही बहुसंख्य लोक स्वतःच्या गुडघ्यावर चालत असतात, मांडी घालून पंगतीला बसतात, शेतात उकिडवे बसतात. जोतिबाच्या पायऱ्या चढणाऱ्या पन्नाशीच्या माणसासाठी ही लहान गोष्ट नाही.

आमची मागणी दवाखान्यांकडे आणि जिल्ह्यातल्या अस्थिरोगतज्ज्ञांच्या संघटनेकडे आहे. डिस्चार्ज कार्डावर ‘एचटीओ केले, प्रकृती ठीक’ एवढंच लिहू नये. शस्त्रक्रियेआधी वजनरेषा किती टक्क्यांवर होती, किती टक्क्यांवर आणायचं ठरलं, त्यासाठी किती अंश आणि किती मिलिमीटर फट ठरली, उतार आधी किती आणि नंतर किती, बिजागरी शाबूत आहे का, एवढं लिहायला चार ओळी पुरतात. एक्स-रे केंद्रांनी उभ्या लांब फिल्मची पद्धत एकसारखी ठरवावी, वाटी समोर आणि गोळी हाडाच्या रेषेत या दोन अटींशिवाय फिल्म हातात देऊ नये. शासकीय रुग्णालयात येणाऱ्या गरीब पेशंटलाही हीच फिल्म मिळावी, कारण नुसत्या गुडघ्याच्या एक्स-रेवर ठरवलेली ऑस्टिओटॉमी स्वस्त पडत नाही.

पेशंट आणि नातेवाइकांनी सर्जनला बिनधास्त विचारावं: माझी रेष आता कुठे आहे, कुठे आणणार, बाक नडगीत आहे की मांडीत? जो सर्जन फिल्मवर पट्टी ठेवून हे दाखवतो त्याच्याकडे निश्चिंतपणे जावं. आणि साधारण तीन महिन्यांनी, पायावर पूर्ण वजन सहज पेलू लागल्यावर, लांब फिल्म पुन्हा काढावी. शक्यतो त्याच केंद्रावर, त्याच पद्धतीने उभं राहून, म्हणजे दोन्ही आकडे एकमेकांशी ताडून पाहता येतील. दुखणं थांबलं म्हणून ही दुसरी फिल्म टाळण्याकडे अनेकांचा कल असतो. ती टाळू नये.

आपले,
अस्थिशल्यचिकित्सा, क्ष-किरण तंत्र आणि फिजिओथेरपी या क्षेत्रांत काम करणारे काही जण,
कोल्हापूर